अनुभव धागा: भेटायला कोण आलं होतं?

पारोळा (धागा मी काढला)

तात्यांची बायपास नाशिकला झाली तेव्हा गावाहून क्रूझर भरून माणसं आली होती. वॉर्डाबाहेर शहाळी, मोसंबी, घरच्या तुपातले लाडू. घरी आल्यावर महिनाभर ओटा रिकामा नव्हता. तात्या सदऱ्याची बटणं सोडून टाक्यांची रेघ प्रत्येकाला दाखवायचे, लढाई मारून आल्यासारखे.

तीन वर्षांनी आईची झोप गेली. चुलीपुढे बसलेली असायची, तव्यावर भाकरी जळायची आणि तिला वास यायचा नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. शेजारच्या काकूंनी ओट्यावरून विचारलं, "मायले काय व्हयनं वं?" मी एम.ए. झालेली बाई. तोंडातून निघालं, "बीपी." आता बीपीला भेटायला कोण येतं? कोणी आलं नाही. त्याचा राग मी बरेच दिवस गावावर काढला.

म्हणून विचारतेय. मनाच्या आजारात तुमच्याकडे काय झालं? खान्देशातलंच लिहा. माणसाचं, दवाखान्याचं नाव नको, तालुका पुरे. आणि सल्ले नकोत, झालेलं सांगा.

शिरपूर

भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं. लिथियमची गोळी चालू. या गोळीचं रक्तातलं प्रमाण मोजत राहावं लागतं. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर अंगावर येते. शिवाय थायरॉईड आणि किडनीही तपासायची. म्हणजे शुगरवाल्यापेक्षा आमचंच रक्त जास्त जातं, तरी आजार म्हणे 'मनाचा'.

आम्ही इंदूरला जायचो. डॉक्टर चांगले होतेच, पण आम्ही त्यांना निवडलं ते तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही म्हणून. रक्त मात्र गावातच द्यायचो. लॅबवाला दूरचा पाहुणा लागतो. रिपोर्ट घेताना मी थायरॉईडचा कागद वर आणि लिथियमचा खाली ठेवायचो. तो स्वतःच टाईप करून देत होता हे माझ्या डोक्यात दोन वर्षं आलं नाही! एकदा तोच हळूच म्हणाला, "भाऊ, या टायमाले लेव्हल चांगली शे." बस, एवढंच. त्याने गावात एक शब्द काढला नव्हता.

धुळे तालुका

माझ्या जाऊबाईंच्या अंगात यायचं. श्रावणात कानबाई देवी बसली की हमखास. त्या घुमायला लागल्या की मोठमोठी माणसं पाया पडायची, मुलीचं लग्न कधी जमेल म्हणून विचारायची. पुढे श्रावण नसतानाही व्हायला लागलं. रात्री उठून बोलत बसायच्या, जेवणात कोणी काही घातलंय म्हणून ताट सारायच्या. दीर हिंमत करून डॉक्टरकडे घेऊन गेले. औषध लागू पडलं, आज स्वयंपाकपाणी सगळं त्याच बघतात.

पण चिठ्ठीवर आजाराचं नाव आलं आणि हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. काल जिच्या पाया पडत होते तिच्या हातचा चहा बायकांना नको झाला. येडी कधी होती आणि बरी कधी झाली, आमच्या गल्लीचा हिशेब उलटाच आहे.

रावेर, केळीवाला

लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. जूनच्या वादळात कापणीवर आलेली बाग अर्ध्या तासात झोपली. तलाठी आले, पंचनामा झाला, फोटो निघाले. माझी झोप गेली त्याचा पंचनामा कोण करणार? बांधावर जाऊन बसायचो. जेवायला कोणी हाक मारली तरी चीड यायची. मित्र म्हणायचे, "टेन्शन नको लेऊ, मर्दगडी शे तू." तापाने फणफणलेल्याला कोणी म्हणतं का, ताप नको घेऊ?

आपल्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. बायकोने एक दिवस न बोलता ते सगळं 'औषध' माझ्या नकळत माहेरी पोहोचवलं आणि दुसऱ्या औषधासाठी मला जळगावला नेलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, गुण यायला दोन-चार आठवडे जातात, मध्येच सोडू नका. मी दहाव्या दिवशी सोडणार होतो. ती समोर बसून गोळी गिळायला लावायची.

14416 हा सरकारी नंबर आहे, टेली-मानस. 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू झालाय, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी रात्री दोन वाजता लावला होता. बांधावर बसून लावा, म्हणजे घरातल्या कोणाला ऐकू जात नाही.

भुसावळ, वकिली करतो

सोयरिकीची बोलणी रोज कानावर येतात म्हणून लिहितो. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये पूर्वी वेडासोबत मिरगीचंही नाव होतं. 1999 साली मिरगी निघाली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते 2019 साली वगळलं. मानसिक आजार अजून आहे. मात्र नुसत्या चिठ्ठीवर घटस्फोट मिळत नाही. सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये इतका तो असावा लागतो, आणि ते कोर्टात दाखवावं लागतं. पक्षकार मात्र झोपेच्या गोळीचं रिकामं पाकीट पुरावा म्हणून घेऊन येतात.

विम्याचंही सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 21 म्हणतं की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच याला द्यायचा. फॉर्मवर लपवू नका, लपवलं तर पुढे दावा त्याच मुद्द्यावर अडतो. (सल्ले नकोत म्हटलं होतं, माहीत आहे. सवय जात नाही.)

तळोदा, आशाताई

वरच्या सगळ्यांना एक सांगायचंय. शरीराच्या आजाराला मान मिळतो असं सरसकट लिहू नका. बायपासला मिळतो. आमच्याकडे टीबीचा पेशंट अजून ताट-वाटी वेगळी ठेवतो, आणि सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, मुलीच्या घरचे लग्न लागेपर्यंत बोलत नाहीत. टाके दाखवता आले आणि खर्च सांगता आला की आजार इज्जतीचा, असं मला पाड्यांवर फिरून वाटतं.

आणि भगताला शिव्या देणं सोपं आहे. तो निदान आजाऱ्याच्या खाटेजवळ रात्रभर बसतो. मी त्याच्याशी भांडत नाही. त्याला म्हणते, तुझं तू कर, गोळी माझी चालू राहू दे. दोन घरी तरी त्यानेच गोळीची आठवण केली.

धुळे शहर, सध्या पुण्यात

मोठ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा आजार. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात बाबांना घेऊन गेलो. तिथे कळलं की संस्था उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी मूळ धुळ्याचेच. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते, पत्नीला हाच आजार होता आणि त्यांनी तो झाकला नाही. बाबा परतताना रिक्षात एवढंच म्हणाले, "आपलाच माणूस, आन् आपल्याले ठाऊक नही." बहीण गटात बाबांपेक्षा जास्त बोलली होती.

अमळनेर

आमना टाइमले असं काही नव्हतं. माणूसले काम नही ऱ्हायनं का असं व्हस. डिप्रेशन-बिप्रेशन हाई मोबाईलवाल्यासनं शे.

शिरपूर (पुन्हा)

होतं, काका. मागच्या खोलीत कडी लावलेलं होतं.

अमळनेर

दोन दिवस झाले, विचार करत होतो. नातू टाईप करून देतोय, म्हणून शुद्ध वाटेल.

मोठी बहीण होती. धान्याच्या कोठीशेजारी तिची खोली. पाहुणे आले की आई बाहेरून कडी लावायची आणि मी दाराशी गोट्या खेळत बसायचो, आतून आवाज आला तर मोठ्याने ओरडायचं हे माझं काम होतं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत सगळ्या आत्या-मावशांची नावं होती, तिचं नव्हतं. ती गेली तेव्हा पोटाचं दुखणं सांगितलं. पोटाचं म्हटल्यावर माणसं आली, बरीच आली.

एरंडोल

मी घाबरण्याच्या झटक्यांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी धुळ्याला जाते. सासरी सांगितलंय, दात. दोन वर्षं झाली. सासूबाई परवा म्हणाल्या, "किती दात शेत वं तुले?" नवऱ्याला खरं माहीत आहे, पण त्याला सुट्टी नसते. बसमध्ये एकटीला धडधडतं, तेच अवघड जातं. बाकी आता बरं आहे.

पारोळा

एरंडोलवाल्या ताई, आईची तारीखही मंगळवारीच असते. तुमची बस पारोळ्याला कितीला येते? खिडकीची जागा धरून ठेवा, आईला वारा लागतो. आणि काकू परवा ओट्यावर आल्या होत्या. मी सांगितलं, बीपी नव्हतं. त्या बराच वेळ शेंगा निवडत बसल्या. उठताना म्हणाल्या, माझ्या भावजयीलाही असंच होतं, त्या धुळ्याच्या डॉक्टरांचा नंबर दे.