तहहयात, आजन्म की आमरण?

गोदाकाठची : एका लेखाचा अनुवाद करतेय, स्वातंत्र्यानंतर आफ्रिकेत निपजलेल्या हुकूमशहांवरचा. १९७१ साली मलावीचे हेस्टिंग्ज बांडा मरेपर्यंतचे अध्यक्ष झाले. मी लिहिलं ‘तहहयात अध्यक्ष’. संपादकांनी लाल शाईने खोडून ‘आजन्म’ केलं, वर शेरा : ‘फारसी टाळा.’ काय ठेवू?

व्याकरणवेडा : आजन्म म्हणजे जन्मापासून. आजन्म ब्रह्मचारी. बांडा काय पाळण्यातच शपथ घेऊन बसले होते? ‘आ’ पर्यंत या अर्थीही लागतो, आजानुबाहू पाहा. पण जन्मापर्यंत अध्यक्ष हे तर त्याहून भयंकर.

भगूरकर : संपादकांचं बरोबर आहे. सावरकरांच्या गावचा म्हणून म्हणत नाही. त्यांच्या ‘महापौर’लाही आधी लोक हसलेच होते. ‘आजन्म’ खटकत असेल तर ‘आमरण’ घ्या.

मेनरोडवाला : आमरण फक्त उपोषणाला लागतं हो. आमरण अध्यक्ष म्हटलं की खुर्चीत उपाशी बसलेला माणूस दिसतो. हे कुठले उपाशी! मध्य आफ्रिकेच्या बोकासाला १९७२ चं मरेपर्यंतचं अध्यक्षपदही पुरलं नाही. १९७७ च्या डिसेंबरात नेपोलियनच्या थाटात राज्याभिषेक करवून घेतला त्याने.

भगूरकर : त्याला राज्याभिषेक म्हणू नका. मुकुट घालून घेतला म्हणा.

सीबीएसजवळचा : कोर्टाबाहेर दस्त लिहिण्यात तीस वर्षं गेली, म्हणून बोलतो. मृत्युपत्रातलं वाक्य असं असतं : ‘माझे पश्चात माझे पत्नीने सदर घरात तहहयात राहावे. तीस सदर मिळकत विकण्याचा अगर गहाण ठेवण्याचा अधिकार राहणार नाही.’ म्हणजे वापर आहे, मालकी नाही. तुमच्या या मंडळींना हा शब्द शोभतच नाही. मोबुटूने १९७१ मध्ये काँगोचं नावच बदलून झैर केलं. तहहयात राहणारा माणूस दारावरची पाटी बदलतो का?

गोदाकाठची : हे डोक्यातच आलं नव्हतं.

व्याकरणवेडा : दस्तातल्या अटी शब्दार्थात घुसवू नका. पोटगीही तहहयात असते, ती काय परत करायची असते?

तिवंधा : मी लहानपणापासून ‘तह + हयात’ असाच फोडत आले. मरणाशी केलेला तह. आमची आजी ‘तहाहयात’ म्हणायची.

व्याकरणवेडा : गोड आहे, पण चूक. फारसी ‘ता’ म्हणजे पर्यंत. ता-हयात.

जुना सभासद : वाचनालयात आम्ही ‘आजीव सभासद’ आहोत. आजीव अध्यक्ष का नको?

मेनरोडवाला : वर्गणी एकदाच भरायची, पुस्तक आणायला जायचं नाही. नको.

पेन्शनर : नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. काउंटरवरची मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, ‘काका, तुम्ही इथे हयात दिसत नाही.’ मी समोर, हातात पासबुक. तेव्हा मला ट्युनिशियाचे बुरगिबा आठवले. १९७५ पासून तहहयात अध्यक्ष. १९८७ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान बेन अलींनी सात डॉक्टरांच्या सह्यांचा दाखला काढला, की हे काम करण्यास असमर्थ. रातोरात पद गेलं. माणूस पुढे २००० सालापर्यंत हयात.

गोदाकाठची : काका, आमच्या लेखात सगळे असेच आहेत! घानाच्या एन्क्रुमांना १९६४ मध्ये हे पद मिळालं, १९६६ मध्ये परदेशी असताना लष्कराने काढलं. युगांडाचा अमीन १९७६ मध्ये तहहयात झाला, १९७९ मध्ये पळाला, मेला २००३ मध्ये जेद्दाला. बांडा १९९४ ची निवडणूक हरले, गेले १९९७ मध्ये. शब्द कुठलाही घेतला तरी खोटाच पडतोय. अवतरणचिन्हांत टाकू?

व्याकरणवेडा : अवतरणचिन्ह ही अनुवादकाची पळवाट.

भगूरकर : मग साधं ‘मरेपर्यंत अध्यक्ष’ लिहा. ना फारसी, ना संस्कृत.

सीबीएसजवळचा : मरेपर्यंत फाशी असते, साहेब.

तिवंधा : पेन्शनरकाका, मग मिळाला का दाखला?

पेन्शनर : मिळाला, तिसऱ्या खेपेला अंगठा उमटला तेव्हा. आता त्याला ‘जीवन प्रमाण’ म्हणतात.

मेनरोडवाला : प्रमाण कशाचं? तिखट-मिठाचं?

व्याकरणवेडा : प्रमाण म्हणजे पुरावा. संस्कृतात तोच मूळ अर्थ...

भगूरकर : मराठीत नाही. यावर वेगळा धागा काढा.