सायकलने पायथा, पायांनी माथा : तुमचे अनुभव लिहा

चाकोरीबाहेर :

परवा भाचीचा फोन. "मामा, नाशिकहून सायकलने जाऊन कळसूबाई एका दिवसात होतं का रे?" होतं म्हणालो, फोन ठेवला आणि पुढे तासभर कामच सुचेना. कारण आम्ही केलं होतं. कॉलेजात असताना. तेव्हा ग्रुपमध्ये गिअरची सायकल एकाकडेच, आणि चढ आला की तोही आमच्यासारखाच उतरून ढकलायचा.

नाशिक ते घोटी हायवे, घोटीहून भंडारदऱ्याचा रस्ता, पायथ्याच्या बारी गावापर्यंत साठेक किलोमीटर होतं. ऊन चढायच्या आत पायथा गाठायचा म्हणून मध्यरात्रीच निघालो. उजाडलं तेव्हा अलंग-मदन-कुलंगची रांग काळीशार दिसायला लागली आणि मग ती दिसतच राहिली. जीपने गेलं की बारीत उतरायचं, मान वर करायची, "अरे बापरे" म्हणायचं आणि चालायला लागायचं. सायकलवर तो डोंगर दोन तास आधीपासून आपल्याकडे बघत असतो आणि जवळ यायचं नाव घेत नाही, त्यामुळे बारी येईपर्यंत निम्मी भीती आणि निम्मे पाय दोन्ही संपलेले असतात.

बारीहून माथा साधारण नऊशे मीटर वर. शिड्यांवर मांड्या इतक्या थरथरत होत्या की माझ्या मागचा म्हणाला, शिडी हलतेय का तू? वर देवीच्या देवळापाशी बाकीचे लोक आरोळ्या ठोकतायत, फोटो काढतायत, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक वगैरे, आणि आम्ही चौघं गप्प बसून हिशोब करतोय की आता हे सगळं उतरायचं आणि मग साठ किलोमीटर परत. माथ्यावर इतका कमी आनंद मला दुसऱ्या कुठल्याच ट्रेकला झालेला नाही, आणि सगळ्यात जास्त आठवतो तोच ट्रेक. खाली येऊन सीटवर बसलो, पहिलं पॅडल मारलं आणि पोटरीत असा गोळा आला की ज्यांच्या अंगणात सायकली ठेवल्या होत्या त्या मावशी हातातलं काम टाकून धावत आल्या.

तर लिहा. कुठलाही डोंगर चालेल, कुठलीही सायकल चालेल. थोडी थापही चालेल.

पावशेर :
जागा धरून ठेवतो. ऑफिसातून घरी गेलो की लिहितो.

वेल्हेकर_नाही :
तोरणा!! पुण्याहून खानापूर आणि मग पाबे घाट. ज्यांनी पाबे सायकलवर केलाय त्यांना वेगळं सांगायला नको, ज्यांनी नाही केला त्यांना सांगून कळणार नाही. घाटात एका वळणावर मी उतरलो नाही, सायकलच थांबली. वेल्ह्यात एका आजींच्या ओट्यावर सायकली लावल्या, साखळी कुलूप काढलं तर आजी म्हणतात, "कुलूप कशाला रं, एवढ्या घाटातनं ढकलत कोण न्यायचं हिला?" लॉजिक एकदम बरोबर. वर बिनी दरवाज्याच्या आधी रेलिंग धरून जायचा कातळटप्पा आहे ना, तिथे आमचा एक जण क्लीटवाले सायकलिंगचे बूट घालून. तळव्याला लोखंडी पट्टी. कातळावर पाय ठेवला की टकटक आवाज आणि सरर्र. शेवटी बूट गळ्यात अडकवून मोज्यांवर गड चढला आणि गडावर सगळ्यांना सांगत सुटला की पूर्वी मावळे अनवाणीच चढायचे.

नीलाक्षी :
मोज्यांवर तोरणा 😂😂 भाजी करपली माझी हे वाचताना

चक्रधर७२ :
हल्लीच्या मुलांना गिअर, हेल्मेट, बाटलीत इलेक्ट्रॉल. चांगलंच आहे, तक्रार नाही. आमच्या वेळी बावीस इंची काळी सायकल, तीही भाड्याची. एशियाडच्या आसपासची गोष्ट. जुन्नरहून घाटघर, तिथे सायकली टाकून जीवधन करायचा आणि परत, असा साधा बेत होता. जीवधन झाला, कातळातल्या पायऱ्या जिथे तुटल्यात तिथे हातापायांनी जाऊन झाला, खाली आलो तर आमच्यातल्या एकाच्या डोक्यात आलं की आलोच आहोत तर नाणेघाटातून कोकणात उतरू. सायकलींसकट. आता ती वाट म्हणजे सातवाहनांच्या काळची फरसबंदी, जकातीचा दगडी रांजण आजही आहे, गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, दोन हजार वर्षं बैल आणि माणसं ज्या वाटेने उतरली तिथून आम्ही खांद्यावर सायकली घेऊन उतरलो. सायकल खांद्यावर घेतली की पॅडल बरोबर बरगडीत बसतं आणि हँडल मनाला येईल तिकडे वळतं. पुढच्याचं मागचं चाक मागच्याच्या तोंडासमोर गरगर फिरत असतं. खाली वैशाखऱ्याला पोहोचलो तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारलं, "बिघडली काय?" कारण त्याच्या हिशोबाने चालती सायकल कोण खांद्यावर घेईल. मुरबाडहून एसटीच्या टपावर सायकली बांधून माळशेजमार्गे परत. कंडक्टरने सायकलींचंही तिकीट फाडलं आणि आम्हाला बसायला जागा नव्हती. भाडं तासावर होतं हे दुकानदाराने नंतर आठवण करून दिलं.

वेल्हेकर_नाही :
काका दंडवत. शेवटच्या वाक्यावर तर जास्तच.

दुपारचा_चहा :
चक्रधरकाका, एसटीच्या टपावरून आठवलं, आमच्या गावच्या गाडीवर कोंबड्यांचे खुराडे, सायकली आणि एकदा तर आख्खी खाट जायची. टपावर चढायची ती मागची शिडी आता कुठल्या गाडीला दिसत नाही. विषय सोडून लिहिलं, सॉरी. मी सायकल चालवत नाही, डोंगरही चढत नाही, धागा मात्र रोज उघडून बघणार.

माऊंटन_मावशी :
साल्हेर. आम्ही तिघी. सायकली टेम्पोत घालून ताहाराबादपर्यंत नेल्या (हो, फसवणूक आहे, पण दोन दिवसांची सुट्टी कोण देतं) आणि तिथून मुल्हेरवरून साल्हेरवाडी सायकलने. बागलाणातला तो रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना डोंगरच डोंगर, प्रत्येक जण सुळका नाहीतर कडा घेऊन उभा, आणि समोरून वारा. वारा असा की उतारावरसुद्धा पॅडल मारायला लागत होतं. चढाचं दुःख सांगता येतं हो, वाऱ्याचं कोणाला सांगायचं? फोटोत दिसत नाही.

गावात शाळेची पोरं जमली. सायकली राखणार का विचारलं तर म्हणाली राखतो, पण एकेक राउंड मारायला द्यायची. दिली. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, शिखरांत कळसूबाईनंतर दुसरा नंबर. १६७२ ची मराठे-मोगल लढाई याच्याच पायथ्याशी झाली, ती मराठ्यांनी मोकळ्या मैदानात जिंकली होती. वर गंगासागर तलाव, गुहा, आणि अगदी टोकावर परशुरामाचं छोटं देऊळ. त्या शेवटच्या टेकाडावर मी चक्क चार पायांवर चढले. समोर सालोटा किल्ला. खाली पायथ्याच्या वाटेवर तीन ठिपके गोल गोल फिरताना दिसले, त्या आमच्या सायकली. आम्ही उतरेपर्यंत पोरांचे राउंड चालूच होते. माझ्या सीटची उंची पार खाली केलेली, घंटी निखळून हातात दिली आणि वर एक जण म्हणतो, "बाई, तुमचा मागचा ब्रेक लागत नव्हता, मी टाइट केला." खरंच केला होता! परतीच्या उतारावर त्याची आठवण काढली.

नीलाक्षी :
मावशी किती गोड. मागच्या वर्षी, २०२५ ला, ते बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यात साल्हेर आहे ना?

माऊंटन_मावशी :
हो आहे. अकरा आपले आणि तमिळनाडूतला जिंजी. आता गर्दी वाढेल बहुतेक. पोरांनी राउंडचा रेट वाढवला नसेल म्हणजे मिळवलं.

स्पोक_तुटला :
आम्ही पाच जण सायकलने हरिश्चंद्रगडाला निघालो आणि पाच जण एका टेम्पोतून परत आलो. अनुभव संपला.

पावशेर :
@स्पोक_तुटला गडावर गेलात की नाही ते तरी सांगा

स्पोक_तुटला :
टेम्पो गडाच्या पायथ्याला पाचनईत नाही, वाटेतच आळेफाट्याला मिळाला. यातून काय ते समजा.

थंड_हवा :
मी सध्या स्कॉटलंडमध्ये. इथे हा प्रकार अगदी घरोघरी चालतो म्हटलं तरी चालेल, कारण डोंगर रस्त्यापासून लांब आणि मध्ये इस्टेटचे मैलोनमैल मातीचे ट्रॅक, गाडी न्यायला बंदी पण पायी किंवा सायकलने कोणीही जावं. २००३ च्या कायद्याने तो हक्कच दिलाय. ३००० फुटांवरच्या डोंगरांना इथे मन्रो म्हणतात, २८२ आहेत, आणि लोक आयुष्यभर एकेक खूण करत बसतात. मी बेन ऑल्डर केला, ११४८ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा बराच बुटका, पण पोहोचायला कठीण. डॅलव्हिनी स्टेशनला ट्रेनमधून सायकल उतरवायची आणि लॉख एरिक्ट तळ्याच्या काठाकाठाने आत जायचं. तळं संपेचना. ट्रॅक संपला की पुढे दलदल, तिथे सायकल हेदरच्या झुडपात आडवी टाकून चालायला लागायचं. आजूबाजूला अजून काही सायकली अशाच आडव्या पडलेल्या, कुलूप नाही काही नाही. त्यावरून कळतं वर किती माणसं आहेत. माझी एक टिप : जिथे सायकल टाकाल तिथला जीपीएस पॉइंट मोबाइलमध्ये सेव्ह करा. परत येताना धुकं होतं आणि हेदर सगळीकडे सारखंच दिसतं. वर मिजेस, म्हणजे चिलटांच्या आकाराचे डास. सायकलवर असलो की चावत नाहीत, थांबलो की ढगच. सायकल सापडेपर्यंत मी माझ्याच थोबाडीत मारत फिरत होतो.

दुपारचा_चहा :
तिकडे सायकल अशीच टाकून जातात??? आमच्या सोसायटीत नुसती सीट चोरीला गेली.

पावशेर :
आलो. माझा स्वतःचा अनुभव राजगडचा आणि तो वेल्हेकर यांच्यासारखाच आहे, फक्त बूट माझे बरे होते, त्यामुळे तो राहू दे. पण या विषयावर योरान क्रॉपचं नाव अजून कसं कोणी घेतलं नाही? स्वीडनचा माणूस. ऑक्टोबर १९९५ ला स्टॉकहोमहून सायकलने निघाला, सामान सायकलवरच, नेपाळला पोहोचला, आणि २३ मे १९९६ ला बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढला. म्हणजे त्याच महिन्यात तिथे वादळात आठ माणसं गेली होती. त्याच्या आधी एकदा तो शिखराच्या जवळ जाऊन परतला होता, उशीर होतोय म्हणून. आठ हजार मैल सायकल मारून आलेला माणूस शंभरेक मीटर बाकी असताना मागे फिरतो, मला तर ते वर जाण्यापेक्षा मोठं वाटतं. आणि परत स्वीडनकडे निघाला तोही सायकलवरच. २००२ ला एका साध्या कातळावर चढताना पडून गेला बिचारा, छत्तिसावं वर्षही पूर्ण नव्हतं.

चाकोरीबाहेर :
हे माहीत नव्हतं. आणि आम्ही बारीत पोटरी धरून रडत होतो.

गुडघेदुखी :
पोटरीवरून लिहितो, मी फिजिओ आहे. चढायला दम लागतो पण पायांची खरी वाट उतरताना लागते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार धरून ठेवतो, ब्रेक लावल्यासारखा, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. त्यानंतर सायकल उलट बरी, पायाला धक्का नाही, पण लगेच जोर लावायचा नाही. पायथ्याला दहा मिनिटं बसा, मीठ-साखर पाणी घ्या, आणि पहिले काही किलोमीटर हलका गिअर लावून नुसते पाय फिरवा. काळ्या सायकलवाल्यांनी काय करावं ते चक्रधरकाकांना विचारा.

चक्रधर७२ :
हाफ पॅडल.

वेल्हेकर_नाही :
हाफ पॅडल!!! काका, किती वर्षांनी हा शब्द ऐकला

नीलाक्षी :
माझ्या भावाने नळीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत आख्खं गाव पालथं घातलंय. गुडघ्याची खूण अजून आहे.

स्पोक_तुटला :
घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका हे पण कोणीतरी लिहा. रिम तापते. दाबा-सोडा, दाबा-सोडा. आणि बाभळीचा काटा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा तिथेच बसलेला असतो आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत गेली म्हणून समजा. आमचा टेम्पो त्यामुळेच झाला.

चाकोरीबाहेर :
भाचीला सगळा धागा पाठवला. तिचा प्रश्न : मुंबईची मैत्रीण कसाऱ्यापर्यंत लोकलने सायकल आणणार म्हणते, लगेजच्या डब्यात चालते का?

दुपारचा_चहा :
माझ्या दिराने नेली आहे, लगेजचं तिकीट काढून. पण गर्दीच्या वेळी नको, पहाटेची पहिली गाडी धरा. डब्यात दुधाचे कॅन असतात, त्यांच्यामागे उभी करायची म्हणजे पडत नाही.

माऊंटन_मावशी :
आणि तिला सांग कसारा घाट आधी, मग इगतपुरी, घोटी, आणि मग बारी. कळसूबाई त्यानंतर आहे. एका दिवसाचा हट्ट सोडा, बारीत मुक्काम करा, घरगुती सोय होते. भाचीला स्पेअर ट्यूब आहे का विचार.

चाकोरीबाहेर :
आहे म्हणते. पंप नाही.

स्पोक_तुटला :
मग ट्यूब काय कमरेला बांधणार का