लांब चढावर पी ००८७ येऊन गाडी लिंप मोडला (इंजिन वाचवायला ताकद कमी केलेली अवस्था) जाते: पंप, इंजेक्टर की आणखी काही? (मदत हवी आहे)

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. गाडी फोर बाय फोर जीप, २.५ लिटर कॉमन रेल डिझेल, चार सिलिंडर, बीएस ४. लो रेंजमध्ये (हळू पण जास्त ओढीचे गिअर) दगडधोंड्यांतून हळू चढताना काहीही त्रास नाही. हाय रेंजला तिसऱ्या गिअरमध्ये लांब चढ लागला आणि पाय दाबून धरला की २६००-२८०० आरपीएमला एकदम ताकद जाते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग गाडी ओढतच नाही. चावी बंद करून पुन्हा सुरू केली की ठणठणीत, पुढचा चढ येईपर्यंत. स्कॅनरवर पी ००८७ कायम, पी ०१९१ (रेल प्रेशर सेन्सरचा आकडा पटत नाही) अधूनमधून. डिझेल फिल्टर नुकताच बदललाय. एक गॅरेज म्हणतं हाय प्रेशर पंप बदला, दुसरं म्हणतं चारही इंजेक्टर. एवढा पैसा घालण्याआधी घरी काय तपासता येईल? माझ्याकडे साधा ब्लूटूथ डोंगल आणि मल्टीमीटर आहे.

रेलबार:
आधी एक विनंती: कोड पुसू नका. कोड पुसला की त्याच्यासोबतची फ्रीझ फ्रेमही जाते. दिवा लागला त्या क्षणाचा आरपीएम, लोड आणि कूलंटचं तापमान त्यात असतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पी ००८७ म्हणजे ईसीयूने (इंजिनचा कंप्युटर) मागितलेलं प्रेशर रेलमध्ये (चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणारी समाईक नळी) तयार झालं नाही, इतकंच. कोणता पार्ट गेला ते हा कोड सांगत नाही. डिझेल पंपापर्यंत पोचत नसेल तरी हाच कोड येतो, इंजेक्टर जास्त रिटर्न (टाकीकडे परत जाणारं डिझेल) सोडत असेल तरी हाच, सेन्सर खोटं बोलत असेल तरी हाच. म्हणून स्वस्त ते आधी, पंप सगळ्यात शेवटी.

सेन्सरपासून सुरुवात करा. रात्रभर उभी असलेली गाडी, चावी ऑन, इंजिन बंद: रेल प्रेशर शून्याच्या आसपास दिसलं पाहिजे आणि सेन्सरच्या सिग्नल वायरला साधारण ०.५ व्होल्ट. कपलरवर एका पिनला ५ व्होल्ट हवेत. अर्थची पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंग साफ करा. कपलर काढून चावी ऑन केली की पी ०१९२ किंवा पी ०१९३ (सेन्सरचा सिग्नल फार कमी किंवा फार जास्त) यायला हवा. कपलर लावलेला असताना नसलेला हा कोड काढल्यावर आला तर सिग्नलची वायर ईसीयूपर्यंत शाबूत आहे.

मग लाइव्ह डेटा. साध्या डोंगलवर रेल प्रेशर बहुधा किलोपास्कलमध्ये दिसतं. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार, म्हणजे ३०,००० दिसलं तर ३०० बार. आयडलला (पाय न दाबता इंजिन चालू) २५० ते ३५० बार ठीक. पूर्ण पाय दाबल्यावर हजार बारच्या वर जायलाच हवं. चढावर शेजारच्या माणसाला फोनवर ग्राफ रेकॉर्ड करायला सांगा, गाडी चालवताना स्वतः बघू नका.

स्पॅनर_१२:
लो रेंजला त्रास नाही हा मोठा धागा आहे. तिथे डिझेल कमी लागतं, तेवढं कसंबसं पोचतं. लांब चढावर मागणी वाढली की सक्शन लाइनवरची (टाकीतून डिझेल ओढणारी नळी) ओढ वाढते आणि बारीक चिरेतून हवा शिरते. अशी लाइन बाहेर डिझेल गाळत नाही, त्यामुळे गाडीखाली डाग शोधून काही हाती लागत नाही. फिल्टर आत्ताच बदललाय तर त्याची ओ-रिंग पिळली गेलीये का तेही बघा.

फिल्टर आणि पंपाच्या मधे हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी पाइप टाका. लाइन उघडल्यावर पहिली काही मिनिटं बुडबुडे येणारच. त्यानंतरही २००० आरपीएमला येत राहिले तर हवा शिरतेय. टाकी अर्ध्याच्या वर ठेवून तपासा, नाहीतर चढावर डिझेल मागे सरकून पिकअप (टाकीतल्या नळीचं तोंड) उघडा पडतो आणि निदान चुकतं. टाकीचं झाकण सैल करूनही एकदा चालवा. फरक पडला तर टाकीचा ब्रीदर (हवा आत घेणारी नळी) तुंबलाय.

रेलबार:
रिटर्न टेस्टही करा, इंजेक्टरचा संशय तिथे बराच मिटतो. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडा, उघडी राहिलेली रिटर्न लाइन बंद करा, इंजिन गरम करून आयडलला ३ मिनिटं चालवा. चारही जवळपास सारख्या भरल्या आणि कोणतीच फार भरली नाही तर इंजेक्टर बहुधा यात दोषी नाहीत. एकीत इतरांच्या दुप्पट आलं तर तोच एक काढून पंप-नोझलवाल्याकडे न्या, चारही नाहीत. नवा बसवला तर त्याच्यावरचा कोड ईसीयूत भरून घ्या, नाहीतर आयडल खडखडतं.

आणि हात जोडून सांगतो: इंजिन चालू असताना हाय प्रेशरचे नट सैल करू नका, गळती बोटाने चाचपू नका. त्या प्रेशरचं डिझेल कातडी फोडून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

घाटमाथा:
सगळं करून पाहिलं, आकडे देतो. चावी ऑनला शून्य, सिग्नल ०.५ व्होल्ट. आयडलला २८,००० ते ३०,०००. चढावर ९५,००० पर्यंत चढून ५५,००० वर घसरतं आणि दिवा लागतो. चारही बाटल्या जवळपास सारख्या. झाकण सैल करून फरक नाही. पारदर्शक पाइपमध्ये २००० च्या वर बुडबुड्यांची सलग रांग दिसते. ओ-रिंग नवी टाकली तरी तीच.

रेलबार:
मग पंपाला हात लावू नका. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या. टाकीकडून फिल्टरला येणारी पाइप काढून बुच मारा आणि फिल्टरला कॅनमधून पाइप द्या. फिल्टर जागेवरच राहू दे. रिटर्नही कॅनमध्ये आणा, नाहीतर कॅन भराभर रिकामा होतो. कॅन टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, झाकण लावून घट्ट बांधा, सोबत अग्निशामक ठेवा. प्राइम करून (लाइनमधली हवा काढून) एकच छोटा चढ चढवा. प्रेशर टिकलं तर दोष टाकी ते फिल्टर यांच्यामध्ये.

घाटमाथा:
कॅनवर १,३०,००० च्या वर गेलं आणि टिकलं, बुडबुडे नाहीत, दिवा नाही! आता लाइनमध्ये नेमकी जागा कशी शोधू?

स्पॅनर_१२:
लाइन टाकीकडून सोडवून ते टोक बंद करा. फिल्टरच्या टोकाने सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा, ०.३ बारपर्यंतच, आणि साबणाचं पाणी लावत जा. ट्रान्सफर केसच्या (फोर बाय फोरचा दुसरा गिअरबॉक्स) वर लोखंडी नळी रबराला जोडते ती जागा आधी बघा, तिथे चिखल बसून रबर घासतं. क्लिप काढून रबर वाकवा, बारीक चिरा तेव्हाच उघडतात. बदलताना डिझेलचीच होज घ्या, पाण्याची पाइप काही महिन्यांत फुगते. क्लिप गोल कडांची घ्या, दातेरी पट्टीची रबर कापते.

घाटमाथा:
तिथेच फेस आला. होज आणि दोन्ही क्लिपा बदलतोय. पी ०१९१ साठी सेन्सर पण बदलू का?

रेलबार:
नको. प्रेशर हवेमुळे वरखाली होत होतं, म्हणून ईसीयूला सेन्सरचा आकडा पटत नव्हता. होज बसवून लाइन प्राइम करा, मग दोन्ही कोड पुसा आणि तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढवा. पी ०१९१ एकटा परत आला तरच सेन्सर. लाइन टाकीकडून सोडवलीच आहे तर पिकअपची जाळी धुऊन घ्या आणि ब्रीदरची नळी वर बांधा. नदी ओलांडताना गरम टाकी गार पडते आणि ब्रीदर पाण्यात असेल तर पाणी आत ओढते.