सायकलवरून कामाला जाताना पाखरं बघणं: निरीक्षण की नुसती हौस?

पायडलवाला:
रोज जाताना नऊ किलोमीटर, येताना नऊ. मोटारीने जायचो तेव्हा हा रस्ता मला सिग्नलांवरून कळायचा, आता पाखरांवरून कळतो. कालव्याच्या वळणावर तारेवर खंड्या, मोडक्या भिंतीतल्या भोकात पिंगळा, पुढे माळावर टिटवी.

माझं म्हणणं असं की निसर्ग बघायला सायकलीसारखं वाहन नाही. मोटारीत काच आड येते आणि पायी रोज नऊ किलोमीटर कोण जाणार? सुट्टीला जंगलात जाऊन आठशे फोटो काढणाऱ्यांना दिसत नाही ते मला दिसतं, कारण मी तीच जागा त्याच वेळी वर्षातून दोनशे दिवस बघतो. पावश्या यंदा पहिल्यांदा कधी ओरडला हे मी तारखेनिशी सांगेन. सध्या टिटवीने रस्त्यापासून दहा पावलांवर उघड्या खडीत चार अंडी घातली आहेत. मातकट रंग, वर काळे डाग. नजर जरा हलली की पुन्हा सापडत नाहीत. रोज थांबून बघतो.

दोन पाय:
सहमत नाही. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर. झाडावर काय बसलंय ते बघायला दोन सेकंद मान वर केलीत की दहा मीटर रस्ता न बघताच कापलात. तेवढ्यात खड्डा येतो, कुत्रं येतं, उभ्या मोटारीचं दार उघडतं. माझं मनगट असंच मोडलं, एका शिक्र्यापायी. बरं, तो नर होता की मादी तेही कळलं नाही!

आणि सायकलवरून दिसतं कोण? तारेवर उघड्यावर बसणारी मंडळी: कोतवाल, वेडा राघू, तुमचा खंड्या. पानांआड एक क्षण स्थिर न राहणारा पर्णवटवट्या सायकलवरून ओळखून दाखवा, मग बोलू.

रातकिडा:
दोघंही डोळ्यांवरच अडलात. सायकलला इंजिन नाही, ही खरी चैन कानाची आहे. अट एकच, वेग आवरायचा, नाहीतर कानात नुसता वारा घोंगावतो. आणि ते इयरफोन खिशात.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या गाण्यांचा अभ्यास झाला होता, 2003 साली तो प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या भागातल्या नरांच्या गाण्यात खालचे सूर कमी आढळले, कारण वाहनांची घरघर त्याच खालच्या पट्टीत असते आणि त्यात ते सूर बुडून जातात. हे वाचल्यापासून मी चौकातला दयाळ आणि आतल्या गल्लीतला दयाळ ताडून बघतो. फरक वाटतो खरा, पण माझा कान म्हणजे काही यंत्र नव्हे.

चिमणा:
किडा तोंडात गेला तर ती नोंद कोणत्या रकान्यात लिहायची?

झुडूप:
तुमची मजा झाली, पाखराचं काय? सायकल गुपचूप येते म्हणून प्राण्यांना कमी त्रास होतो, असं सगळे धरून चालतात. अमेरिकेत यूटामधल्या अँटिलोप आयलंडवर पायी जाणारे आणि सायकलवाले यांची तुलना केली, तेव्हा गवे, हरणं यांच्या बिचकण्यात फारसा फरक आढळला नाही. उलट आवाज न करता अंगावर येणारी वस्तू जवळ आल्यावर एकदम दचकवते.

आणखी एक गंमत बघा. फ्रान्समधल्या रस्त्यांवर 2013 च्या एका अभ्यासात दिसलं की पक्षी कधी उडायचं ते समोरच्या गाडीच्या वेगावरून ठरवत नाहीत. त्या रस्त्याची वेगमर्यादा जेवढी जास्त, तेवढे ते लवकर उडतात. म्हणजे पाखरं रस्त्याची रीत शिकून घेतात. तुम्ही सरळ निघून गेलात तर त्या रीतीत बसता. थांबलात, पाय टेकलात, रोखून बघितलंत की त्यांच्या लेखी तुम्ही शिकारी.

टिटवीचं तर फारच वाईट वाटलं. उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार राखते. तुम्ही तिला रोज उठवता, अंडी तेवढा वेळ तापतात, आणि कावळा वरून बघत असतो की हा माणूस रोज नेमका इथेच का थांबतो.

पायडलवाला:
कावळ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. लागलं.

काल सकाळी न थांबता गेलो. टिटवी बसूनच राहिली, मान तेवढी माझ्याबरोबर फिरली. संध्याकाळी खात्री करायला त्याच ठिकाणी एक पाय टेकला. लगेच उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. तसाच निघालो. थांबणं बंद. रोज जाण्याबद्दलचं मात्र मागे घेत नाही. ती बसलेली असताना कशी दिसते हे मला चालत्या सायकलवरूनच कळलं, थांबून बघत होतो तेव्हा कधी दिसलंच नव्हतं.

दोन पाय:
पण मग अंडी फुटलेली कळणार कशी?

पायडलवाला:
ती उभी दिसेल, आणि तिच्या पायाशी खडी चालायला लागेल.