'वेड्यांना कोंडा, बंदुकांना हात लावू नका' : याला उत्तर

अबोली (न्यू जर्सी):
काल वाटसरू यांनी लिहिलं, 'बंदूक मारत नाही, वेडा मारतो. पूर्वीसारखं वेड्यांना कोंडा, प्रश्न मिटेल.' मी इकडे इमर्जन्सीत नर्स आहे. हे वाचून झोप उडाली.

2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली. त्यातल्या 26,328 आत्महत्या. औषधाच्या गोळ्या खाल्लेले आमच्याकडे येतात, बरेच वाचतात. स्वतःवर गोळी झाडलेले बहुतेक येतच नाहीत. यातल्या कुणाकुणाला आधीच कोंडणार होतात?

आणि मेन राज्यातलं ल्यूइस्टन. 25 ऑक्टोबर 2023, एका माणसाच्या गोळीबारात 18 जण गेले. त्याच्या घरच्यांनी मे महिन्यातच शेरीफच्या पोलिसांना त्याच्याबद्दल सांगितलं होतं. जुलैमध्ये तो इस्पितळात राहूनही आला. तिथल्या 'यलो फ्लॅग' (धोकादायक माणसाची बंदूक काढून घ्यायच्या) कायद्यात पोलिसांनी आधी माणूस ताब्यात घ्यायचा, मग डॉक्टरी तपासणी, मग न्यायाधीश. सप्टेंबरमध्ये पोलीस दारात गेले, त्याने दार उघडलं नाही, ते परत फिरले. ताब्यात घ्यायला पुरेसं कारण होतं, असं नंतर चौकशी आयोगानेच म्हटलं. आजार सिद्ध होईपर्यंत थांबायचं कशाला? आधी हत्यार घरातून काढा.

वाटसरू:
व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला गोळीबार विसरलात? डिसेंबर 2005 मध्ये न्यायाधीशाने गोळ्या झाडणाऱ्या त्या मुलाला उपचार घ्यायला सांगितलं, पण भरती न होता. म्हणून त्याचं नाव बंदूक विक्रीच्या तपासणी यादीत गेलंच नाही. 2007 मध्ये 32 जण मारले, त्यात आपल्या मुंबईची एक मुलगी होती. तेव्हाच सक्तीने भरती केला असता तर?

शेवंता (सातारा):
'सक्तीने भरती' किती सहज लिहिता हो! 1994 साली माझ्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला. पंधरा दिवसांत ती वेड्यांच्या इस्पितळात. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले पुरत होते. नव्वद दिवसांनी घरी आली तेव्हा चुलीपुढे बसून राहायची, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. सातबारावरून नाव गेलं ते गेलंच. आणि परवान्याची बारा बोअर बंदूक कुणाकडे होती? अर्ज करणाऱ्या काकांकडे.

वऱ्हाडी:
शेवंताताई, वाईट झालं. पण आमच्या घरीही येऊन बघा. भावाला स्किझोफ्रेनिया. शेजारी विष घालतात म्हणून जेवण बंद, रात्री हातात विळा. डॉक्टरांपुढे मात्र शहाण्यासारखा बोलायचा. 2017 च्या नव्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची इच्छा आधी विचारायची, तो नाही म्हणायचा, आम्ही परत. महिनाभराने रेल्वे रुळांवर सापडला, नशिबाने जिवंत. आता महिन्याला इंजेक्शन घेतो. परवा मला म्हणाला, 'दादा, तेव्हाच ओढत न्यायचं होतंस.' यावर तुमचं म्हणणं काय?

शेवंता:
माझ्या आत्याने असं कधी कुणाला म्हटलं नाही. तिला कुणी विचारलंही नाही.

वऱ्हाडी:
म्हणजे एका आत्यासाठी हजार भाऊ रुळांवर जाऊ द्यायचे?

अबोली:
अहो, मी बंदुकीबद्दल लिहिलं होतं.

डॅलसवाला:
मग बंदुकीबद्दलच बोलतो. माझं पेट्रोल पंपाचं दुकान आहे, दोनदा लुटलं. पोलीस चाळीस मिनिटांनी आले. उद्या भांडकुदळ मेहुण्याने तक्रार केली की हा खचलाय, तर माझी बंदूक आधी नेणार आणि मला नंतर विचारणार? ताईंच्या आत्याबरोबर झालं तेच की!

अबोली:
तेच नाही. आत्याला नव्वद दिवस कोंडलं. इथे माणूस घरीच राहतो. कनेटिकट राज्यात 1999 पासून असा बंदूक काढून घ्यायचा कायदा आहे. न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय बंदूक नेता येत नाही आणि 14 दिवसांत सुनावणी होते.

डॅलसवाला:
14 दिवस असतील तर ऐकून घेतो. पण वकील सरकारने द्यावा, आणि खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा हवी. त्याशिवाय नाही.

वाटसरू:
'वेडे' हा शब्द मागे घेतो. बाकी म्हणणं तेच.

शेवंता:
वऱ्हाडी, तुमच्या भावासाठी 30 दिवसांची भरती मला मान्य, ती तर नव्या कायद्यातही आहे. दोन तज्ज्ञांनी तपासून. पण नुसत्या घरच्यांच्या शब्दावर नको, माझ्या काकांसारखे असतात.

वऱ्हाडी:
रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावी दोन तज्ज्ञ कुठून आणू, तेवढं सांगा.