स्प्लिटर नको, ट्विन एलएनबी लावा

दादा, हॉलमध्ये फ्री डिश आहेच, आता माडीवर दुसरा सेट-टॉप बॉक्स लावायचाय तर एका वायरीचे दोन फाटे करणारा दहा-वीस रुपयांचा स्प्लिटर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. कळकळीनं सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. आम्ही खानापुरात तेच केलं होतं. आई खाली सह्याद्रीवर बातम्या बघत बसलेली, वर मुलानं चॅनेल बदललं की खाली ‘नो सिग्नल’!

कारण साधं आहे. ज्या वायरीतून सिग्नल येतो, त्याच वायरीतून बॉक्स एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज देतो. उभ्या लहरींसाठी साधारण १३ व्होल्ट, आडव्यांसाठी १८. दोन बॉक्स एलएनबीच्या एकाच तोंडावर आले की १८ वाला जिंकतो आणि दुसऱ्याचे १३ वाले चॅनेल जातात.

दोन तोंडांची ट्विन एलएनबी घ्या, म्हणजे प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र आरजी-६ वायर (डिशची नेहमीची जाड केबल) टाकता येईल. छत्री तीच राहू दे. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला. ती दिशा हलवू नका. जुनी एलएनबी काढण्याआधी ती किती तिरकी आहे ते मार्करनं रेघ मारून ठेवा, नवी त्याच कोनात बसवा. वायर कापताना दोन्ही बॉक्स प्लगमधून काढा. कनेक्टरमध्ये वायरीच्या बाहेरच्या जाळीचा एक केसही मधल्या तांब्याला चिकटला तर शॉर्ट होतो.

आणि आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे. एलएनबीजवळ वायरीला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच गळून जातं, कनेक्टरात शिरत नाही.