नवा प्रोटीन स्किमर: आधी उतू गेला, आता फेसच नाही

खारंपाणी_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे टँक बरीच वर्षं केलेत, खाऱ्यात पहिल्यांदाच उतरलोय. तीन फुटी टँक, संप (टँकखालची फिल्टरची टाकी) धरून २०० लिटरच्या आसपास पाणी, दोन क्लाऊन मासे आणि थोडे हर्मिट खेकडे एवढाच संसार. आता स्किमर घेतला (बारीक बुडबुड्यांच्या फेसाला पाण्यातली घाण चिकटवून वरच्या कपात गोळा करणारं यंत्र), संपमध्ये बसणारा, नीडल व्हीलवाला, म्हणजे काटेरी चक्राच्या पंपाने हवा बारीक फोडणारा. लावला त्या रात्री कपात नुसतं पांढरं पाणी भरून बाहेर सांडत होतं आणि वर टँकमध्ये इतके बारीक बुडबुडे की मासे दिसेनात. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, उघडला, तर आता फेस नेकच्या, म्हणजे कपात जाणाऱ्या नळीच्या, अर्ध्यावर येतो आणि तिथेच फुटतो, कप कोरडा ठणठणीत. रोज इकडे तिकडे फिरवून बघतोय. घरचे विचारतायत एवढे पैसे घालून हे नक्की करतं काय. पीस खराब आहे का, परत पाठवू? पाणी भाट्याच्या किनाऱ्यावरून आणून गाळून घातलंय.

मालवणी_रीफ

घाबरू नको रे, नवो स्किमर असोच करता. परत बिरत पाठवू नको.

नव्या ॲक्रिलिकवर कारखान्यातलं तेलकट काहीतरी राहिलेलं असतं, पंपाच्या भागांवरही असतं. ते धुऊन जाऊन आतल्या भिंतींवर जिवाणूंचा पातळ बुळबुळीत थर बसेपर्यंत फेस धड टिकत नाही, कधी उतू जातो कधी गायब. कुणाचा आठवड्यात सेट होतो, कुणाला महिना लागतो. घाई असेल तर एकदा सगळं सुटं कर, बादलीत पाणी आणि पांढरं व्हिनेगर घालून त्यात पंप थोडा वेळ चालव, मग साध्या पाण्याने खळबळून परत लाव. साबण, लिक्विड, भांड्याचा बार, काही म्हणजे काही लावायचं नाही.

पण त्याआधी मला सांग, संपमध्ये स्किमर ज्या कप्प्यात उभा आहे तिथे पाणी किती उंच आहे? बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. बॉक्सवर लिहिलेलं असतं, साधारण ७ ते ९ इंचांच्या मध्ये कुठेतरी. पाणी जास्त असेल तर उतू जाणार, कमी असेल तर फेस वर चढणारच नाही, मग व्हॉल्व्हशी कितीही झटापट कर. आणि तो रिटर्न पंपच्या (पाणी परत वर टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात ठेवला असशील तर तिथली पातळी बाष्पीभवनाने रोज उतरते, म्हणजे आज केलेलं सेटिंग उद्या बिघडलंच. बॅफलच्या (कप्प्यांमधल्या पार्टिशनच्या) अलीकडच्या कप्प्यात ठेव, खोल वाटला तर खाली टाइलचा तुकडा घाल.

उंची जमली की व्हॉल्व्ह अशा ठिकाणी आण की फेस नेक संपून कप सुरू होतो त्याच्या जरा खाली उभा राहील. आणि मग हात लावू नको!! दोन दिवस तरी नाही. बदललंच तर केसभर, आणि परत दोन दिवस थांबायचं. रोज फिरवत बसलास तर स्किमर सेट होत नाहीये की तूच त्याला होऊ देत नाहीयेस हे कळायला मार्गच नाही.

अलिबागचा_क्लाऊन

वरचं सगळं बरोबर. त्यात माझी भर. दोन क्लाऊन आणि खेकडे म्हणजे पाण्यात घाण ती किती असणार, काढायला काही नसेल तर कप कोरडाच राहणार, त्यात स्किमरचा दोष नाही. खायला घातल्यावर दोन-तीन तास फेस बसतो तेही नॉर्मल आहे, फ्रोझन खाण्यातल्या चरबीने होतं. आणि उलटं, उतू जात असेल तर पाण्यात काय गेलं ते आठव. क्लोरीन काढायचं औषध (त्यातही कोरफडवालं), नवीन सिलिकॉन, खडक चिकटवायचा इपॉक्सी, यातलं काहीही असलं तरी स्किमर वेड्यासारखा उसळतो. तेल लावलेला हात टँकमध्ये घातला तर मात्र फेस पार बसतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे, पाणी कधी आणलंस? भाट्याला काजळी नदी मिळते, पावसाळ्यात तिथलं पाणी अर्धं गोडं असतं. पाण्याचा खारेपणा कमी पडला की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि मोठ्या बुडबुड्याला घाण कमी चिकटते. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये स्किमर चालत नाही तो याचमुळे. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या यंत्रावर) १.०२५ यायला पाहिजे. बंदराजवळून पाणी आणत असशील तर तेही बंद कर, बोटींच्या डिझेलचा तवंग असतो.

खारंपाणी_रत्नागिरी

पाणी श्रावणात आणलं होतं 😅 आत्ता मोजलं तर १.०१९. स्किमर रिटर्नच्याच कप्प्यात होता, तो हलवला, टाइल घालून ८ इंचांवर आणलाय. व्हिनेगर उद्या.

अजून एक, टँक हॉलमध्ये आहे, शेजारीच स्वयंपाकघर, रोज मासे तळले जातात, त्याने काही होतं का? संध्याकाळी मच्छर कॉइलही लावतो. आणि पुढे कोरल ठेवायचंय, मालवणकडे किनाऱ्यावर मिळतं म्हणतात, खरं का?

मालवणी_रीफ

कॉइल आजच्या आज बंद!! स्किमर दिवसभर त्या खोलीतली हवा ओढून पाण्यात बारीक करून मिसळतो, म्हणजे कॉइलचा धूर तू थेट टँकमध्ये सोडतोयस. त्यात पायरेथ्रॉइड कीटकनाशकं असतात, माणसाला फारसं काही होत नाही पण मासे, कोळंबी, खेकडे यांना ते विषच. लिक्विडवाली मशीन, स्प्रे, सगळं त्यातच आलं. तळणाच्या धुराने एवढं मरण नाही, पण फेस बसतो. हवेची नळी लांब करून खिडकीबाहेर काढ. फायदा असा की बंद खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच खाली राहतो, बाहेरची हवा मिळाली की थोडा वर येतो.

कोरलचं डोक्यातून काढ. दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाळूत पडलेला मेलेला तुकडा उचलला तरी गुन्हा. आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. इथे लोक येतात, पिशवीत घालून नेतात, आम्हाला बघून राग येतो.

अलिबागचा_क्लाऊन

१.०१९ वरून एकदम उडी मारू नकोस, खेकड्यांना झेपणार नाही. रोज उडालेल्या पाण्याच्या जागी काही दिवस साध्याऐवजी मीठ मिसळलेलं पाणी घाल, दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त वाढ नको. १.०२५ ला आलं की परत साधं आरओ.

लाइट जाते ना तुमच्याकडे? रिटर्न बंद पडला की वरचं पाणी संपमध्ये उतरतं, लाइट आल्यावर स्किमर चढलेल्या पाण्यात सुरू होतो आणि कप ओसंडतो. कपाच्या ड्रेनला नळी लावून बाटलीत सोड, बाटलीला वर भोक ठेव. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्किमर त्यावर ठेवू नको, पंप घुंई करतो आणि तापतो. लाइट नसताना बॅटरीवाला एअर पंप पुरे.

खारंपाणी_रत्नागिरी

व्हिनेगर झालं, कॉइल बंद, मच्छरदाणी लावली. व्हॉल्व्हला हात लावलेला नाही, शपथ. कपात थोडंसं कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी जमलंय, वास असा की बायकोने गॅलरीत ठेवायला लावलंय. हे बरोबर ना?

मालवणी_रीफ

एकदम बरोबर. फिक्कं आणि खूप येत असेल तर ओलं स्किमिंग, काळं आणि घट्ट येत असेल तर कोरडं, तुझं मधलं आहे, राहू दे. नेकच्या आतली घाण आठवड्यातून दोनदा तरी पुसून काढ, ती चिकटून राहिली की फेस वर सरकत नाही. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचून हवा कमी होते, अधूनमधून कोमट पाणी ओढू दे म्हणजे निघून जातं. आणि खिडकीबाहेरच्या टोकाला बारीक जाळी बांध, कुंभारमाशी आत मातीचं घर करते, मग तू परत व्हॉल्व्ह फिरवत बसशील.